लाकडाचा नको, जिवंत आणू

घोडी घेतली ती रागाच्या भरात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको. लोक घोडा घेण्याआधी वर्षभर विचार करतात, माहीतगार माणसाला बरोबर नेतात, आधी तबेला बांधतात, हे सगळं मी नंतर मोबाइलवर बघितलं. आम्ही आधी घोडी आणली आणि मग तिला बांधायची कुठे ते शोधलं. आमच्या सात पिढ्यांत कुणी घोड्याच्या शेपटीला हात लावला नव्हता. गाई होत्या, एक म्हैस होती, नवऱ्याचा टिपर होता. घोडे होते ते फक्त लाकडाचे.

त्या लाकडाच्या घोड्यांचं आधी ऐका, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. गोव्यात, डिचोलीकडे, पाळी गावाच्या अलीकडे आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती. शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, आमच्याकडे घोडेमोडणी असते. लाकडाचं घोड्याचं तोंड, मागे बांबूचा सांगाडा, वर रंगीत कापड आणि अबोलीच्या माळा. हा घोडा पुरुष कमरेला बांधतात, डोक्याला फेटा, पायांत घुंगरू, हातात तलवार, आणि ढोल-ताशाच्या तालावर नाचत देवळापुढच्या मांडावरून निघून दारोदार जातात. माझे सासरे तरुणपणी पहिल्या घोड्याला असायचे. आता गुडघे गेले, पण अजून ढोल वाजला की बसल्या जागी त्यांची टाच हलते, आणि घोडे बांधायचे ते त्यांना विचारूनच.

त्या वर्षी माझी थोरली अकरा वर्षांची होती. घोडे बांधत होते तेव्हा ती मांडावर गेली, एका लाकडी तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आजो, माका एक ल्हानसो बांध." मुलगे हसले. तिच्याहून लहान चुलतभाऊ, ज्याला चार पावलं धड टाकता येत नव्हती, त्याच्या कमरेला घोडा बांधून झालासुद्धा होता. सासऱ्यांनी तिचा हात घोड्यावरून काढला. रागाने नाही, मायेनेच काढला, आणि तेच मला जास्त लागलं.

"चेडवांनी घोडो घेवचो नसता, बाये," ते म्हणाले. "तू आरती धर."

ती घरी आली आणि गप्प बसली. रडली असती तर मी समजूत काढली असती, चार गोष्टी सांगितल्या असत्या. पण ती नुसती ताटातला भात चिवडत होती. समोर सासरे, बाजूला नवरा, कडेला माझा धाकटा. माझ्या मेल्या जिभेला हाड कधीच नव्हतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, "लाकडाचा नको. आपण जिवंत आणू."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, उतारावर ब्रेक लागत नाही असं कळलेला ड्रायव्हर जसा बघतो तसं. धाकटा म्हणाला, "दोन आणूया." थोरलीने भात मात्र सगळा खाल्ला. ते बघितल्यावर मला मागे फिरणं शक्य नव्हतं.

माझं माहेर मांद्र्याला. भाऊ किनाऱ्याजवळ चार खोल्या पर्यटकांना भाड्याने देतो. मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी गेले तर किनाऱ्यावर एक बेळगावकडचा माणूस लोकांना घोड्यांवरून फिरवायचा. हंगाम संपत आला होता, तो गावी जायच्या तयारीत होता, आणि त्याच्याकडे एक बुटकी तांबूस घोडी होती जी त्याला परत न्यायची नव्हती. कपाळावर पांढरा ठिपका, बरगड्या दिसणाऱ्या, मान खाली. माझ्या मुलांनी तिच्या पोटाखालून पलीकडे जाऊन दाखवलं तरी हलली नाही.

"बघा ताई, किती गरीब आहे," तो म्हणाला. "आधी लग्नाकार्यात होती, आमच्याकडं दोन वर्षं झाली. वय काय, सातच."

लग्नाकार्यातली म्हणजे माणसांना सरावलेली, हे मला पटलं. आता घोडी तपासायची कशी? आम्ही गाय तपासतो तशी तपासली. शेपूट उचलून बघितलं, अंगावरचे भोवरे बघितले, खुरं बघितली. भावाने तर ती दूध किती देईल एवढंच विचारायचं बाकी ठेवलं. त्याचं म्हणणं होतं, "बाय, तुझं डोकं फिरलाहा." मी म्हटलं, "फिरलं तर फिरलं, तू पिकअप बघ."

निघताना त्या माणसाने एक गोष्ट मात्र खरी सांगितली. "ताई, हिला लई चारू नका बघा. पोट भरलं की हिला मागलं आठवतंय." मी हो हो म्हटलं. माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त तिच्या बरगड्या होत्या.

मांद्र्याहून म्हापसा, तिथून अस्नोडा, डिचोली करत पिकअप आमच्या वाड्यावर आला तेव्हा रस्त्यावरची अर्धी धूळ घोडीच्या पाठीवर होती आणि अर्धा गाव आमच्या आंगणात. कुणीतरी नारळ ओवाळला. शेजारच्या काकीने हळद-कुंकू लावलं, गाय आणली की लावतात तसंच. मग सगळे मागे सरले आणि बोलायला लागले. आमच्या लोकांना घोडा माहीत नसला तरी घोड्याच्या म्हणी सगळ्या पाठ. एक म्हणाला, घोडामैदान जवळच आहे, बघू. दुसरा म्हणाला, वरातीमागून घोडं. दुकानात वाटाणे घ्यायला गेले तर दुकानदार विचारतो, वहिनी, आज घोड्यावर बसून आलात काय? मी म्हटलं, हो, आणि परतही तशीच जाणार, लवकर मोज.

मुलांनी तिला दोघांनी दोन नावं ठेवली. त्यावरून जे भांडण पेटलं ते आजपर्यंत विझलेलं नाही, म्हणून मी तिला घोडीच म्हणते.

सासरे आंगणात आलेच नाहीत. बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीवरच्या, सोप्यावर बसून म्हणाले, "घोडो म्हणजे राजांचें काम. आमी कोण?" मी म्हटलं, "आम्ही तिची लीद काढणारे." ते मला टोचायला निघाले होते, पण हसू आलं तेव्हा तोंड फिरवून बसले.

आता खरी गोष्ट सांगते. घोडी ठेवायची कशी हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण जनावर ठेवायचं कसं हे ठाऊक होतं, आणि त्यानेच घात केला. आमच्या घरात माया म्हणजे चारणं. बाळंत झालेल्या गाईला जे देतो ते सगळं तिला दिलं: कोंडा, पेंड, ऊनऊन पेज. येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन यायचा, नवीन बाळ बघायला येतात तसा. केळ्यांची सालं, काकडी, चवळीच्या शेंगा. आणि पोयी. सकाळ-संध्याकाळ पाववाला पोदेर सायकलवरून येतो, पोंप म्हणजे भोंगा वाजवतो, आणि त्याच्या टोपलीत पोयी, म्हणजे कोंड्याचे पाव असतात. त्यातली एक घोडीची, हे कधी ठरलं मला कळलंही नाही. थोड्याच दिवसांत पोंप वाजला की गोठ्यात ती खिंकाळायची आणि पाय आपटायची, आणि सगळा वाडा हसायचा.

आणखी एक खूळ होतं. धाकट्याने बालदी वाजवली की ही उभ्या जागी पुढचे पाय एकामागून एक उचलायची. आम्हाला वाटलं खुरांत काहीतरी सलतंय. सासऱ्यांना, म्हणजे घोड्याशी आपला काही संबंध नाही असं म्हणणाऱ्या सासऱ्यांना, राहवलं नाही. त्यांनी खोबरेल तेलात हळद कालवून चारी खुरांना लावली. घोडी पिवळे पाय घेऊन आठवडाभर फिरली. डॉक्टर आला तो आमचा गुरांचा डॉक्टर. त्याने आधीच सांगितलं की घोडा मी कॉलेजात बघितला तो शेवटचा. खुरांत काही नाही म्हणाला, आणि दात बघून मोठ्याने हसला. "वहिनी, ही सात वर्षांची नाही. सातच्या दुप्पट धरा." मी म्हटलं, "असू दे. मीही काही काल जन्मले नाही."

थोरली बसायला शिकली ती मोबाइलवर बघून आणि पडून. खोगीर नव्हतं, पाठीवर गोणपाट आणि जुनी गोधडी. मोकळ्या मळ्यात ती फेऱ्या मारायची आणि घोडी झोपेत चालल्यासारखी चालायची. मी बांधावर बसून बघायचे आणि मला वाटायचं, ही आमची पोर, ही आमची घोडी, कोण येतं बघू आता अडवायला. फार माजले होते मी, खोटं का बोलू. आणि मी एकटीच माजले नव्हते. पावसाळ्याच्या शेवटापर्यंत घोडीच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या, अंग तुकतुकीत झालं, मान वर आली. जी मुंगीला वाट द्यायची ती आता कानाजवळ हात नेला तर दात दाखवायला लागली. गरीब नव्हती ती, उपाशी होती. पोटभर मिळालं आणि तिला स्वतःचा स्वभाव सापडला.

चतुर्थी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी थोरली तिला देवळाकडच्या वाटेने घेऊन चालली होती. मी फाटकात उभी. वळणापलीकडे पोदेराने पोंप वाजवला. घोडीने कान टवकारले आणि निघाली. मी आजवर त्या जनावराला तसं धावताना बघितलं नव्हतं. पोर गोधडीसकट एका बाजूला कलली, मोरीपाशी उडाली आणि हातावर पडली. मी पोचले तेव्हा ती मनगट छातीशी धरून बसली होती, आणि पुढे पोदेर सायकल टाकून भिंतीवर चढला होता, आणि घोडीचं तोंड त्याच्या टोपलीत होतं.

मनगट मोडलं. डिचोलीला जाऊन प्लास्टर घालून आणलं. परत आलो तर बाल्कांवात माणसं बसलेली, कुणी मेलं तर बसतात तशी. "सांगिल्लें न्हय?" काकी म्हणाली. जे ते सांगत होतं की मी सांगितलं होतं. सासरे मात्र काही बोलेनात. मी म्हटलं, बाबा, तुम्हीही बोलून घ्या, राहिलंय कशाला. तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "पोयी हांवच दितालों तिका. पोंप वाजलो काय."

म्हणजे राजांचं काम म्हणून तोंड फिरवणारा हा म्हातारा रोज दोन वेळा गोठ्यात जाऊन घोडीला पोयी भरवत होता. मला त्यांच्यावर चिडायचं होतं, पण त्यांचं तोंड बघून चिडता येईना. आणि चिडून तरी काय, मीही तेच करत होते, फक्त पेज घालून.

भावाचा फोन आला. मांद्र्यात कुणा हॉटेलवाल्याला घोडी हवी होती, बागेत उभी करून फोटो काढायला. नवरा म्हणाला, "देऊन टाकूया. आज हात गेला, उद्या डोकं जाईल." तो बरोबर बोलत होता. टिपर चालवणारा माणूस, कशाने काय होतं हे रोज रस्त्यावर बघतो. तो बरोबर होता म्हणूनच मी त्याच्यावर जास्त ओरडले.

कारण मला भीती वेगळीच होती. हाड जुळतं. पण पोर गोठ्याकडे फिरकेना. घोडी खिंकाळली की ही खोलीचं दार लावून घ्यायची. मी विचारलं, देऊया का तिला, तर म्हणाली, "तुला हवं तसं कर." माझी पोर, जिने मांडावर सगळ्यांपुढे घोडा मागितला होता, ती म्हणते तुला हवं तसं कर. मुलींनी घोडा घ्यायचा नसतो हे तिला आता पटलं असेल तर? ते पटून ती मोठी झाली तर? घोडी गेली तर गोठा रिकामा होईल, एवढंच. पण हे तिच्या मनात बसलं तर ते मला पुढे कशानेही खरवडून काढता आलं नसतं. त्या विचाराने माझा जीव तुटत होता.

रविवारी सकाळी, सगळे घरात असताना, मी घोडीला आंगणात आणलं. चुडीदार घातला, ओढणी कमरेला बांधली आणि बाल्कांवाच्या पायरीवरून तिच्या पाठीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा. अंगापिंडाने मी बारीक आहे म्हणून, नाहीतर घोडीने तिथेच बसकण मारली असती. नवरा दारात आला. काकी कुंपणावरून म्हणाली, "अगो बाये, वयाचा तरी विचार कर." मी म्हटलं, "करतेय की. अजून उशीर केला तर चढता येणार नाही."

घोडी चालायला लागली. मला वाटलं होतं घोड्यावर बसलं की माणूस रुबाबदार दिसतं. मी पीठ चाळल्यासारखी हलत होते. तुळशीपर्यंत गेलो आणि तिथे तिने थांबून तुळस खायला सुरुवात केली. मी लगाम ओढला, ती खातच राहिली. मी हाट् म्हटलं, च् च् म्हटलं, देवाचं नाव घेतलं. तुळशीची एक अख्खी फांदी गेली.

मग तिच्या खोलीच्या जनेलातून आवाज आला. "आई, टाचा खाली कर."

मी वर बघितलं नाही.

"आणि लगाम तसा ओढू नको. ती बैल नाही."

म्हटलं, "मग काय करू ते येऊन दाखव. मला काय स्वप्न पडलंय?"

ती आली. प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हाताने तिने घोडीची मान वर केली, माझी टाच धरून खाली दाबली आणि मला आंगणभर फिरवून आणलं. वाडा हसत होता, हसू दे. मी उतरले तेव्हा मांड्या भरून आल्या होत्या. भावाला फोन करून सांगितलं, हॉटेलवाल्याला म्हणावं फोटोला दुसरं काहीतरी बघ.

त्यानंतर कोंडा, पेंड, पेज सगळं बंद. सुकं गवत आणि पाणी. प्लास्टर निघाल्यावर थोरली रोज संध्याकाळी घोडीला घेऊन वाटेत उभी राहायची. पोदेर लांबून पोंप वाजवायचा, घोडी ओढ घ्यायची, काही मिळायचं नाही. पुन्हा पोंप, पुन्हा काही नाही. घोडी थोड्या दिवसांत शिकली. सासऱ्यांना शिकवायला जास्त वेळ लागला. एकदा तर मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून पोयी काढली.

दिवाळी गेली, पौष-माघ गेले, आणि शिगमो आला. घोडे बांधायच्या आदल्या दिवशी वाड्यावरचे दोन जाणते आमच्याकडे आले. आमचे घोडे दारात येतील तेव्हा तुमची घोडी आत बांधून ठेवा, म्हणाले. ढोलाला बिथरली तर कुणाच्या अंगावर जाईल, आणि तसंही देवाच्या घोड्यांपुढे जनावर बरं दिसत नाही. नवऱ्याने मान हलवली. मी म्हटलं, "आंगण आमचं, घोडी आमची. तुमचे घोडे भीत असतील तर तुमचे बांधून ठेवा."

तोंडाने बोलले, पण मनात वेगळंच चालू होतं. बिथरणार नाही कशावरून? पोंपाला धावणारी घोडी, आणि ढोल तर केवढे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरली डोक्याला माझ्या जुन्या साडीच्या काठाचा फेटा बांधून आली आणि विचारलं, "बसू?" नवरा माझ्याकडे बघत होता. मला नाही म्हणायचं होतं. खरंच सांगते, शंभरदा नाही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "बस. टाचा खाली."

लांबून ढोल ऐकू आले. मग ताशा. मग मशाली आणि घुंगरू, आणि लाकडी घोड्यांची तोंडं वर-खाली होत आमच्या फाटकातून आत आली. घोडीचे कान ताठ झाले. तिच्या अंगातून एक थरथर गेली ती मला दुरून दिसली. सासरे सोप्यावरून उठून गुडघे धरत तिच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले होते. ढोलकऱ्याने आंगणात येऊन जोराचा ठोका घातला आणि घोडीने उजवा पाय उचलला.

नवरा ओरडला, "उतर गो."

मग तिने डावा उचलला. पुन्हा उजवा. मान वाकवली, छाती पुढे काढली आणि ठोक्यावर ठोका पाय टाकत तिथल्या तिथे नाचायला लागली. खुरांत काही सलत नव्हतं तिच्या. लग्नाच्या वरातीतली नाचरी घोडी होती ती, आणि आम्ही तिच्या पायांना हळद फासत बसलो होतो. कुणी शिकवलं असेल, कशी छडी मारून शिकवलं असेल, ते नंतर मनात आलं आणि टोचलं. त्या वेळी मला फक्त माझी पोर दिसत होती. ती पडली नाही. हसलीही नाही. लगाम सैल धरून, तोंड वर करून, ती तिच्या खाली नाचणाऱ्या घोडीवर बसून होती. ढोलकरी थांबायचं विसरला. लाकडी घोडे एका जागी उभे राहिले, तो लहान चुलतभाऊ तर कमरेचा घोडा हातांनी धरून तोंड उघडं टाकून बघत होता. सासऱ्यांची टाच हलत होती. मला रडू आलं आणि मी ते कुणापासून लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दोन जाणते पुन्हा आले. या वेळी चहा घेतला, बिस्किटं घेतली. घोडी सुंदर आहे म्हणाले. पुढच्या वर्षी ती सगळ्यांच्या पुढे चालवूया, डिचोलीतल्या शिगम्यालाही नेऊया, असा घोडा कुठल्याच गावाकडे नाही. सासरे खूश होऊन माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, मला नका विचारू, जिची घोडी तिला विचारा.

थोरली गोठ्याच्या दारात खरारा करत होती. तिने मान न वळवता विचारलं, "तिच्यावर कोण बसणार?"

ते दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मग एक जण म्हणाला, कुणाचो तरी झील बसतलो गो, तलवार घेऊन. मांडावरून निघायचं म्हणजे आमची रीत तशी. तुझा चुलतभाऊही चालेल, घरचाच मुलगा.

तिने ब्रश खाली ठेवला. घोडीच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर हात ठेवला, मांडावर लाकडी तोंडावर ठेवला होता तसाच, आणि या वेळी तो हात काढायला कुणी पुढे आलं नाही.

"मी लाकडाचा मागितला होता," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही दिला नाही."

आणि बालदी उचलून ती लीद काढायला आत गेली.